माहेरानं दिलेली जखम तळातून कशी भरायची

ड्रेसिंग रूममध्ये ३१ वर्षं काढली की हाताला एक गोष्ट कळते: वरून सुकलेली जखम सगळ्यात फसवी. एकदा एक खलाशी आला होता, पाठीवर गळू झालेलं. घरच्यांनी कसलासा लेप थापून तोंड बंद केलं होतं आणि वरची कातडी अगदी छान जुळून आली होती. कडेला नुसतं बोट टेकवलं तर माणूस कळवळला. डॉक्टरांनी चीर दिली, वाटीभर पू निघाला. मग रोज त्या पोकळीत सलाईनमध्ये भिजवलेली गॉजची पट्टी भरायचं काम माझं. पहिल्या दिवशी हातभर पट्टी आत गेली, आठवड्यानं वीतभर, तिसऱ्या आठवड्यात जेमतेम चार बोटं. वरचं तोंड घाईनं मिटू नये म्हणून ही पट्टी असते. जखम तळातून वर भरत आली पाहिजे, हे आमच्या मेट्रननी पहिल्याच आठवड्यात डोक्यात घातलं होतं.

दुसऱ्यांच्या पाठीबद्दल मला हे पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र चार वर्षं मी लेपच थापत बसले.

माझी जखम तशी साधी, महाराष्ट्रात घरोघरी सापडेल अशी. नोकरी आणि सासर कोकणात, माहेर मंगळवेढ्याकडचं, काळ्या रानाचं. वडील गेले. तेराव्याची पंगत उठली, मी परसात पातेली मोजून बाजूला लावत होते. धाकटा भाऊ आला. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलेला. म्हणाला, "अक्का, आधार कार्ड आणलंयस ना बरोबर?" बस, एवढंच. कागद आधीच तयार होता. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही केली. अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. जन्मभर साबण आणि स्पिरिटनं हात धुऊन माझ्या बोटांच्या रेषाच पुसट झाल्यात. तिथला पोरगा म्हणाला, "मावशी, पदराला पुसा आणि दाबून धरा." तीनदा दाबला. घरी आल्यावर भावजयीनं ओटी भरली, साडी दिली. ती साडी कपाटात अजून घडीतच आहे.

पुढची चार वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, "मला काही नाही वाटलं. जमीन कुठं न्यायचीय वर?" आणि दर भाऊबिजेला अर्धशिशी उठत होती.

जवळच्या माणसानं असं काही केलेलं असेल, तर त्यातून बाहेर कसं यायचं याचा जो क्रम मला सापडला तो लिहिते आहे. उदाहरण हक्कसोडीचं आहे, कारण मला तेच माहीत आहे. तुमचं वेगळं असेल. मोडलेलं लग्न, दहावीच्या निकालादिवशी वडिलांनी चारचौघांत काढलेले उद्गार, मैत्रिणीनं फिरवलेली पाठ. क्रम फारसा बदलत नाही.

आधी बघा, घाव अजून पडतोय का

वाहत्या रक्तावर कुणी मलम लावत नाही, आधी दाब देतात. नवरा अजून मारतोय, सासू अजून उपाशी ठेवतेय, भाऊ अजून धमक्या देतोय, अशा वेळी "मन मोठं करा" असलं काही वाचू नका, हा लेखही बाजूला ठेवा. महिलांसाठी १८१ आणि कुठल्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा फक्त बायकोसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा. एका घरात राहणारी बहीण, मुलगी, आईसुद्धा त्याचा आधार घेऊ शकते.

दुसरं म्हणजे, जीव नकोसा वाटत असेल, दोन आठवड्यांवर झोप किंवा भूक उडाली असेल, अंथरुणातून उठणंच होत नसेल, तर वही-पेन नंतर. १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक आहे, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. फोन केला म्हणजे वेडाच्या यादीत नाव जातं असं काही नाही. वॉर्डात मी कितीतरी जणी पाहिल्या, पोट दुखतं म्हणून महिनाभर गोळ्या घेणाऱ्या. दुखणं पोटात नव्हतंच. मधुमेह असलेल्या माणसाची साधी ठेचसुद्धा आम्ही घरगुती उपायांवर सोडत नसू. आधीच नैराश्य असेल तर मनाच्या जखमेचंही तसंच.

मग पट्टी सोडा: काय झालं ते नेमकं लिहा

"भावानं मला फसवलं." हे वाक्य मी चार वर्षं मनात घोळवलं आणि त्यातून काही हाती लागलं नाही, कारण त्यात काही दिसतच नाही. कोण, कुठं, किती वाजता, कोण काय म्हणालं? "तेराव्याच्या दिवशी तीनच्या सुमाराला परसात, माझ्या हातात राखेचा हात पुसायचं फडकं होतं" असं लिहिलं तेव्हा कुठं जखमेचं तोंड दिसलं.

लिहिण्याची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांची. १९८६ साली त्यांनी आणि सँड्रा बील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात क्लेशाच्या प्रसंगावर. त्यातही ज्यांनी घटना आणि त्यामागच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते लिहून उठताना जास्त दुःखी होते. पण पुढच्या सहा महिन्यांत कॉलेजच्या दवाखान्याच्या त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हापासून या पद्धतीवर बरंच काम झालं आहे. परिणाम जादूचा नसतो, माफकच असतो. पण खर्च एका वहीचा.

मी कशी केली ते सांगते. ड्युटीवरून आल्यावर स्वयंपाकघराचं दार लोटून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, गजर लावून वीस मिनिटं. चार दिवस, एकच प्रसंग. शुद्धलेखन बघायचं नाही, पेन थांबवायचं नाही, सुचलं नाही तर आधीचंच वाक्य परत लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही, म्हणजे खोटं लिहायची गरजच उरत नाही. पहिल्या दिवशी मी नुसत्या शिव्या लिहिल्या, त्याही सोलापुरी. दुसऱ्या दिवशी परस आलं. तिसऱ्या दिवशी, काय संबंध माहीत नाही, नर्सिंगला निघाले त्या सकाळी एसटी स्टँडवर माझी वळकटी डोक्यावर घेऊन उभा असलेला नऊ वर्षांचा भाऊ आला. चौथ्या दिवशी "कारण" हा शब्द पानावर पाच-सहा वेळा होता. नंतर कळलं की पेनबेकर यांनाही हेच आढळलं होतं: ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "म्हणून", "आता लक्षात येतं" असे शब्द वाढत जातात, त्यांना गुण जास्त येतो. तेव्हा चार दिवसांनी तुमची पानं त्या नजरेनं चाळा. चारही दिवस तेच ते वाक्य त्याच त्या शब्दांत आलं असेल, तर ही पद्धत सध्या तुमच्यासाठी नाही. समोर ऐकणारं माणूस हवं आहे.

दोन पथ्यं. घाव ताजा असताना, पहिल्या काही आठवड्यांत, हे करू नका. आणि लिहिता लिहिता छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले, तर विषय बदला, उठा, तोंडावर पाणी मारा. मोडलेल्या हाडाला व्यायाम त्याच दिवशी देत नाहीत.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा लिहायचा कंटाळा आहे त्यांनी बोलावं, गुणगुणावं. माझी आजी निरक्षर होती, पहाटे जात्याशी बोलायची. हेमा राईरकर आणि गी पोत्व्हां या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. बायका जे दिवसा कुणाला सांगू शकत नव्हत्या ते दगडाला सांगत होत्या. एकट्यानं, ठरल्या वेळी, हाताला काम असताना. दळण संपलं की उठायचंच असायचं. शेवटची ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे परत येते.

तळ कुठं आहे?

हा टप्पा मला सगळ्यात अवघड गेला, म्हणून इथं जरा रेंगाळते.

गॉज भरताना आम्ही आधी चिमट्यानं पोकळीचा तळ चाचपायचो. कधी कधी मुख्य पोकळीला एक आडवी वाट फुटलेली असते, ती चुकली तर बाकीचं सगळं भरूनही तिथं पू राहतो. मनाच्या बाबतीत चिमट्याचं काम एकच प्रश्न करतो: यात मला नेमकं काय लागलं? उत्तर आलं की पुन्हा विचारायचं, त्यातलं काय लागलं? तीन-चारदा.

माझं असं झालं. काय लागलं? दोन एकर जमीन गेली. पण त्यातलं काय लागलं? मी ती कसणार नव्हते, विकणारही नव्हते. भावानं विचारलं असतं तर स्वतःहून सोडली असती. मग? त्यानं विचारलंच नाही. न विचारण्यातलं काय लागलं? त्यानं धरून चाललं की मी सही करणारच. म्हणजे? म्हणजे त्या घरात माझं मत असू शकतं हेच त्याच्या गावी नव्हतं. आणि इथं आडवी वाट सापडली: वडिलांच्या गावीही नव्हतं. शेवटच्या आजारात महिनाभर मी त्यांचं सगळं केलं, आणि जमिनीबद्दल ते एक शब्द माझ्याशी बोलले नाहीत. मी भावावर चिडले होते, कारण मेलेल्या बापावर चिडता येत नाही. ते वहीत उतरलं त्या रात्री मी रडले. तेराव्यालासुद्धा तशी रडले नव्हते.

तळ शोधताना शब्दांकडे लक्ष द्या. नुसतं "वाईट वाटलं" म्हणून भागत नाही. मराठीत यासाठी केवढी श्रीमंती आहे! राग वेगळा, चीड वेगळी. रुसवा असतो तेव्हा समोरचा समजूत काढेल ही आशा शिल्लक असते. उबग येतो तेव्हा ती संपलेली असते. अपमान दुसऱ्यानं केलेला, लाज आपल्या आत. खंत स्वतःच्या हातून सुटलेल्या गोष्टीची. आणि सल म्हणजे काटा निघाला तरी टोक आत राहिलेलं. माझा सल होता, त्याला मी चार वर्षं राग म्हणत होते. नावाचा उपयोग फक्त भाषेपुरता नाही. २००७ साली मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनवर पाहिलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दानं नाव दिलं, की भीती-संतापाच्या वेळी पेटणाऱ्या अमिग्डाला या भागाची उसळी कमी होते. आपल्याकडे "बोलून मोकळी हो" म्हणतात. त्यात "नेमका शब्द शोधून बोल" एवढी भर घातली की झालं.

खपली खाजवणं थांबवा

तळ सापडला की एक वेगळंच व्यसन लागतं. दिवसभर तेच. भांडी घासताना मनातल्या मनात भावाला सुनावणं, बसमध्ये त्याची उत्तरं आपणच रचणं, त्यावर परत आपलं उत्तर. वाटतं आपण विचार करतोय, पण नुसतं खाजवणं चाललेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे: विचारातून नवं काही कळलं तर तो विचार, तेच वाक्य परत आलं तर खाज.

यावर जात्याचाच उपाय. वेळ ठरवून द्या. मी संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात ठरवली होती, तुळशीपाशी. दिवसा मन तिकडे गेलं की त्याला सांगायचं, "साडेसहाला." आरंभी हसू येतं, मग सवय होते, आणि तीन आठवड्यांनी साडेसहा वाजतात तेव्हा बोलायला विशेष काही उरलेलं नसतं. रात्री अंथरुणात तर हा विषय अजिबात नाही. तेव्हा श्वास लांब सोडत राहायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. चार आकड्यांत घेतला तर सहा-सात आकड्यांत सोडायचा. ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या पेशंटला मी हेच करायला लावायचे.

आणि नातेवाईक. मावश्या, चुलत बहिणी, व्हॉट्सअॅपवरचा तो "माहेरवाशिणी" नावाचा ग्रुप. मी तिथं ही गोष्ट किमान वीस वेळा सांगितली असेन आणि दर वेळी ती थोडी जास्त रंगली. शेवटी शेवटी तर भावजय दारामागे उभी राहून हसत होती असंही मी सांगायला लागले. ती हसत नव्हती. ती त्या वेळी तिथं नव्हतीच. ऐकणाऱ्या बायका प्रेमळ होत्या, पण प्रत्येक जण आपापलं मीठ घेऊन यायची. एकच माणूस निवडा. "अगंबाई, तुझ्या जागी मी असते तर..." असं म्हणणारं नको, "मग तू काय म्हणालीस?" असं विचारणारं हवं. माझ्या नशिबानं रात्रपाळीची एक जुनी सोबतीण होती. तिनंच विचारलं, "तू त्याला सांगितलंस का, तुला लागलं म्हणून?" नव्हतं सांगितलं. चार वर्षांत एकदाही नाही.

असं माणूस भोवती नसेल तर समुपदेशक शोधा. शोधताना शिक्षण विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसच्या पुढे शिकलेला डॉक्टर असतो आणि या दोघांपैकी औषध तोच देऊ शकतो. दोन-तीन भेटींत सूर जुळला नाही तर बदला.

पैशाचा हिशेब आणि मनाचा हिशेब, दोन वेगळ्या वह्या

हे मधेच का, असं वाटेल. पण या दोन गोष्टींची गल्लत झाली की दोन्हीकडे नुकसान होतं, मी पाहिलं आहे. कुणी दुखावली म्हणून कोर्टात जाते आणि निकाल लागला तरी दुखणं तिथंच. कुणी "जाऊ दे, नातं टिकू दे" म्हणून हक्क सोडते आणि मग नातंही धड नाही, हक्कही नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच, जन्मानंच हक्क आहे. लग्न झालं म्हणून तो जात नाही. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. वडिलांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेचं गणित वेगळं, तिथं मृत्युपत्र असेल तर ते चालतं. अजून सही केली नसेल तर आधी सातबारा आणि फेरफार बघा, मग ठरवा. फसवून किंवा धाक दाखवून सही घेतली असेल तर दाद मागायला मुदत असते, म्हणून मन शांत व्हायची वाट बघत बसू नका, वकिलाला आधी भेटा. स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत कायदेशीर मदत मिळते, विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच असतं, हेल्पलाइन १५१००.

मी वकिलाला भेटले. कागद पक्का होता आणि माझ्यावर जबरदस्ती झाली नव्हती. मी पाहुण्यासारखी गप्प बसले होते, एवढंच. ती वही मी तिथं मिटली. त्यानं हलकं वाटलं, हे माझं मलाच नवल.

सांगायचं का? सांगायचं तर कसं?

सक्ती नाही. समोरचा वारला असेल, धोकादायक असेल किंवा प्रत्येक शब्द शस्त्रासारखा फिरवणारा असेल, तर न पाठवायचं पत्र लिहून ठेवा आणि पुढं चला. वडिलांना मी तसंच लिहिलं, सहा पानं.

भावाला सांगायचं ठरवलं तेव्हा आधी तीन वाक्यं कागदावर काढली. काय घडलं, मला काय झालं, आता काय हवं. "तेराव्याच्या दुपारी तू मला न विचारता कागद तयार ठेवलास. मला त्या घरात मी कुणी नाही असं वाटलं. जमीन नको आहे, पण तुला हे माहीत असावं." यात "तू नेहमी" नाही, भावजयीचं नाव नाही, आईबापांची शपथ नाही. फोन करण्याची वेळही निवडली: सणावाराला नाही, पेरणीत नाही, जेवणाआधी नाही. आणि सगळ्यात आधी स्वतःला विचारून ठेवलं की तो "बरं" म्हणून फोन ठेवेल, तर मला चालेल का. याचं उत्तर "नाही" असेपर्यंत फोन करू नये. मी दोन महिने थांबले.

तो म्हणाला, "तेव्हाचं काय आता उगाळतेस, अक्का." मी म्हटलं, "उगाळत नाही, सांगितलं." फोन ठेवला. हात थरथरत होते, पण अर्धशिशी उठली नाही.

मार्च संपत आला तेव्हा एसटीच्या पार्सलनं एक पोतं आलं. मालदांडी ज्वारी, आमच्या रानातली. तोंड सुतळीनं शिवलेलं, वर खडूनं नुसतं "अक्का". चिठ्ठी नाही, फोन नाही. आमच्याकडच्या पुरुषांची माफी शब्दांत येत नाही, पोत्यातून येते, हे मला माहीत आहे. तरी मी ते पोतं तीन दिवस उघडलं नाही. ज्वारी म्हणजे माफी असं धरून चाललं की पुन्हा वरूनच लेप लागला असता. शेवटी मनाशी ठरवलं की ही ज्वारी आहे, चांगली आहे, भाकरी करायची. माफीचं नंतर बघू.

क्षमेबद्दल माझं मत थोडं कडू आहे. आपल्याकडे ती पहिल्या दिवशीच मागतात, तीही ज्याला लागलं त्याच्याकडे. "सोडून दे ना, भाऊच आहे." क्षमा ही शेवटची कातडी आहे, तळ भरल्यावर ती आपोआप धरते. काही जखमांवर धरतच नाही आणि तरी माणूस चांगलं जगतो.

भरल्यावर काय उरतं

रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आघातानंतर होणाऱ्या वाढीला नाव दिलं आणि ती मोजायची प्रश्नावली १९९६ मध्ये आणली. त्यांच्या मते ही वाढ पाच ठिकाणी दिसते: नाती, नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाणीव, श्रद्धा किंवा अध्यात्म, आणि रोजच्या जगण्याचं मोल. त्यांचं म्हणणं लोक अर्धवट उचलतात. वाढ घावामुळे होते असं ते म्हणत नाहीत. घावाशी झगडताना होते, आणि दुखणं शिल्लक असतानाही होते. सगळ्यांना होते असंही नाही. म्हणून कुणाच्या सांत्वनाला गेलात तर "यातून तू घडशील" असं कृपा करून म्हणू नका. चहा करून द्या.

माझ्यात काय बदललं ते बघायला मी मोठं काही शोधलं नाही. निवृत्तीनंतर पहिलं काम केलं ते मृत्युपत्र. मुलगा आणि मुलगी दोघांना समोर बसवलं, कागदावर घर, फंड, दागिने लिहिले आणि दोघांना विचारलं, "यात तुम्हाला काय वाटतं?" मुलगी म्हणाली, "आई, मला काय विचारतेस, तुझं आहे." मी म्हटलं, "तरी विचारतेय." तिचं मत निघालं, चांगलं लांबलचक. अर्धा तास दोघं भांडली. दुसरा बदल म्हणजे मी "चालेल" हा शब्द आवरता घेतला. कुणी काही विचारलं की तोंडातून आपसूक "चालेल" जायचं. आता "सांगते विचार करून" म्हणते. तुम्हीही असंच एखादं छोटं, दिसणारं काम निवडा. जिथं तुम्हाला लागलं, तीच गोष्ट तुमच्या हाताखाली दुसऱ्या कुणाला लागू नये असं काहीतरी.

व्रणाचंही थोडं सांगते. बरी झालेली कातडी मूळच्या कातडीइतकी मजबूत कधी होत नाही, फार तर ऐंशी टक्के, आणि तेवढं बळ यायलाही महिनोन्‌महिने लागतात. कोवळा व्रण लाल असतो, खाजतो, मग हळूहळू फिका पडतो. तेव्हा बरी झाल्यावर एखाद्या दिवशी सगळं परत उसळलं तर केलेलं वाया गेलं असं समजू नका. असे दिवस आधीच ठाऊक असतात: नागपंचमी, भाऊबीज, वडिलांचं श्राद्ध. कॅलेंडरवर त्यांना खूण करा आणि त्या दिवसाचं काहीतरी ठरवून ठेवा, रिकामा सोडू नका. पहिल्या वर्षी भाऊबिजेला मी त्याच रात्रपाळीच्या सोबतिणीकडे जेवायला गेले. माहेरी जायचंच असेल तर किती दिवस, कुणाबरोबर, परतीची गाडी कुठली, हे निघण्याआधी ठरलेलं असू दे. आणि कुणी जुना विषय काढला तर म्हणायचं एक वाक्य तयार ठेवा. माझं आहे, "ते माझं आणि त्याचं बोलणं झालंय."

ज्वारी जूनमध्ये संपली. पोतं धुतलं, वाळवलं, घडी घातली. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईनं शिकवलेलं. म्हणून त्यात दोन किलो आमसुलं आणि पायलीभर कुळीथ भरलं, तोंड त्याच सुतळीनं शिवलं आणि एसटीनं पाठवून दिलं. मीही चिठ्ठी घातली नाही.

आठव्या दिवशी रात्री फोन आला.

"अक्का, ही आमसुलं सारात किती घालायची असतात?"

"किती माणसं आहात जेवायला?" मी विचारलं.